होमोसिस्टीनचा राग दह्यावर

आतोबांच्या औषधांचा डबा सात खणांचा आहे. वारांची नावं आत्याने स्वतः पेनाने लिहिलीत. गेल्या रविवारी मिरजेला गेलो तेव्हा सहज झाकण उघडलं, तर सगळ्या खणांतून कोलेस्टेरॉलची गोळी गायब आणि तिच्या जागी पिवळी फॉलिक अ‍ॅसिडची. दीड वर्षापूर्वी स्टेंट बसलेला माणूस आहे हा! काय प्रकार आहे म्हणून विचारलं, तर आत्याने मोबाइल पुढे केला; ग्रुपवर मुख्याध्यापकांनी पाठवलेला मेसेज होता. "हे वाच आधी, मग बोल."

वाचलं. आता बोलतो.

मेसेज लांबलचक आहे, सार एवढंच: कोलेस्टेरॉल हा कंपन्यांनी उभा केलेला बागुलबुवा. हार्ट अटॅकचा खरा गुन्हेगार होमोसिस्टीन नावाचं रक्तातलं रसायन. १९६९ साली डॉ. मॅककलींनी तो शोधला, म्हणून त्यांना हार्वर्डमधून घालवलं आणि सत्य दाबलं. होमोसिस्टीन दूध-दह्यापासून बनतं, तेव्हा ते बंद करा. रोज ५ मिलीग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड घ्या, ९० दिवसांत ब्लॉकेज विरघळतील. स्टॅटिन, म्हणजे ती कोलेस्टेरॉलची गोळी, फेकून द्या. बी-१२ हवं असेल तर स्पिरुलिना (एक प्रकारचं शेवाळ) खा.

"सत्य दाबलं." अर्धं खरं आहे, ते आधी देऊन टाकतो. किल्मर मॅककली हे खरे डॉक्टर. एक अगदी तान्हं बाळ आणि एक आठ वर्षांचा मुलगा, दोघांचे आजार वेगळे, पण दोघांच्या शरीरात होमोसिस्टीन साचलेलं आणि दोघांच्या रक्तवाहिन्या म्हाताऱ्या माणसासारख्या झालेल्या. यावरून त्यांनी अंदाज बांधला, की होमोसिस्टीनच रक्तवाहिन्या बिघडवत असावं. अंदाज हुशारीचा होता. त्यांना हार्वर्ड सोडावं लागलं, हेही खरं. पण दाबलं म्हणावं, तर पुढे हजारो रुग्णांवर त्याच अंदाजाच्या चाचण्या कशा झाल्या? आणि आज कुठल्याही लॅबच्या फुल बॉडी चेकअपच्या कागदावर ही तपासणी ठळक अक्षरांत छापलेली असते. दाबलेलं सत्य डिस्काउंटमध्ये विकत नाहीत.

आता दह्याकडे येतो, कारण माझं डोकं फिरलं ते इथे. मेसेज म्हणतो, दुधात मेथिऑनिन असतं आणि त्याचंच होमोसिस्टीन बनतं. बरोबर. डाळीत, अंड्यात, मासळीतही असतं ते. मेथिऑनिन हे प्रथिनातलं अमिनो आम्ल. शरीर त्यातला मिथाइल नावाचा तुकडा काढून शंभर कामांना वापरतं, आणि मागे उरतं ते होमोसिस्टीन. ते तुमच्या-माझ्या, सगळ्यांच्याच शरीरात क्षणोक्षणी तयार होतं. मग ते जातं कुठे? वाटा मुख्यतः दोन. एक, त्याला मिथाइल परत जोडून पुन्हा मेथिऑनिन करायचं. त्यासाठी फोलेट (फॉलिक अ‍ॅसिड हे त्याचंच गोळीतलं रूप) आणि बी-१२ लागतं. दोन, त्याचं सिस्टीन करायचं, त्यासाठी बी-६. मोरी तुंबली की आपण नळाला शिव्या देत नाही, जाळी साफ करतो. आपल्याकडे जाळी बहुतेक वेळा अडते ती बी-१२ कमी पडल्याने.

हे मी मनाचं सांगत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने ग्रामीण आणि शहरी अशा ४४१ पुरुषांची तपासणी केली होती, २००६ साली ती प्रसिद्ध झाली. ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी आणि ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन लिटरमागे १५ मायक्रोमोल या नेहमीच्या मर्यादेच्या वर. शाकाहारी लोकांत बी-१२ ची कमतरता जास्त. म्हणजे ज्यांच्या ताटात मेथिऑनिन मुळात बेताचं, त्यांचंच होमोसिस्टीन चढलेलं! आणि शाकाहारी माणसाला जेवणातून बी-१२ मिळण्याची जागा एकच: दूध, दही, ताक, पनीर. मेसेज बंद करायला काय सांगतो? तेच. आत्याने पंधरा दिवस विरजण लावलेलं नाही. गुरुवारच्या उपासालाही ताक नाही.

स्पिरुलिनाबद्दल एका ओळीत: तिच्यात जे असतं ते बहुतांशी बी-१२ सारखं दिसणारं, पण माणसाच्या शरीराला न चालणारं रसायन. खोटं नाणं.

"रोज ५ मिलीग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड." ही सूचना सगळ्यात निरुपद्रवी वाटते आणि घात इथेच आहे. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक अ‍ॅसिड भरपूर घेतलं, तर रक्ताचा रिपोर्ट सुधारतो, हिमोग्लोबिन वर येतं, माणूस खूश. नसांचं नुकसान मात्र आतल्या आत चालूच राहतं. तळपायांना मुंग्या, बधिरपणा, अंधारात तोल जाणं. आतोबांचं बघून आत्यानेही ही गोळी सुरू केली. ती गेली नऊ वर्षं मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीवर आहे आणि मेटफॉर्मिननेही बी-१२ घटतं. तिच्या पायाला मुंग्या येतात, ती म्हणते, "शुगरच्या असतील." असतीलही. पण बी-१२ कधी तपासलंय का, विचारलं तर नाही. तिला फॉरवर्ड नको होता, ती एक तपासणी हवी होती.

"ब्लॉकेज विरघळतात." या एका वाक्यासाठी फक्त होप-२ ही चाचणी पुरे. कॅनडातल्या संशोधकांच्या पुढाकाराने झाली, २००६ साली निकाल आला. रक्तवाहिन्यांचा विकार किंवा मधुमेह असलेले, पंचावन्न आणि त्यापुढच्या वयाचे ५,५२२ लोक. निम्म्यांना रोज फॉलिक अ‍ॅसिड अडीच मिलीग्रॅम, बी-६ आणि बी-१२; उरलेल्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. पाच वर्षं. होमोसिस्टीन खरोखर उतरलं. आणि हृदयविकाराने मृत्यू, अटॅक किंवा पक्षाघात? गोळीवाल्यांत १८.८ टक्के, पोकळ गोळीवाल्यांत १९.८. हा फरक योगायोगाचाही असू शकतो इतका बारीक. आकडा खाली आला, अटॅक तिथेच राहिला. गुन्हेगार पकडल्यावरही चोऱ्या तशाच चालू असतील, तर पकडलेला माणूस बहुधा नुसता घटनास्थळी उभा होता.

पक्षाघात मात्र गोळीवाल्यांत थोडा कमी दिसला, हे मान्य करायला हवं. चीनमध्येही रक्तदाबाच्या वीस हजारांवर रुग्णांना बीपीच्या गोळीसोबत फॉलिक अ‍ॅसिड दिलं, तेव्हा पक्षाघात कमी झाले. पण तिथे बीपीची गोळी चालू ठेवून ते दिलं होतं, फेकून नव्हे.

"स्टॅटिन फेकून द्या." १९९४ ची स्कँडिनेव्हियातली चाचणी, ४,४४४ हृदयरुग्ण, सुमारे साडेपाच वर्षं. पोकळ गोळीवर २५६ मेले, स्टॅटिनवर १८२. यावर आणखी काय बोलू! स्नायू दुखत असतील, शुगर वाढल्यासारखी वाटत असेल, तर डॉक्टरांशी भांडा, डोस बदलून घ्या. डब्यातून गोळी काढायचा अधिकार ग्रुप अ‍ॅडमिनला कुणी दिला?

राहिला आतोबांचा होमोसिस्टीनचा रिपोर्ट: २२. घरभर घबराट त्याचीच होती. सँपल घ्यायला आलेल्या मुलाने रक्त काढलं, नळी पाठीवरच्या बॅगेत टाकली आणि म्हणाला, "अजून चार घरं आहेत, काका." नळीतल्या लाल पेशी होमोसिस्टीन बाहेर सोडतच राहतात. नळी बर्फात ठेवली नाही किंवा पेशी लवकर वेगळ्या केल्या नाहीत, तर तासाला दहा टक्क्यांच्या आसपास आकडा चढतो. जून महिना, मिरजेचं ऊन, चार घरं. तेव्हा २२ पैकी किती आतोबांचे आणि किती बॅगेतले, कोण सांगणार? जन्मजात दोषाच्या ज्या मुलांच्या रक्तवाहिन्या खरोखर बिघडतात, त्यांचा आकडा उपचाराविना बहुधा शंभराच्या पुढे असतो.

सोमवारी आतोबांच्या डॉक्टरांना फोन लावून दिला. त्यांनी आधी दोन मिनिटं आतोबांना झापलं, मग दोघांचंही बी-१२ तपासायला सांगितलं. रात्रीची गोळी डब्यात परत आलीय, मी निघण्याआधी मोजून ठेवली. आत्याने परवा फोन केला तेव्हा विरजणाचं विचारलं, तर म्हणाली, "लावीन रे. पण मुख्याध्यापक खोटं कशाला पाठवतील?"