मेसेजमधून गाळलेलं वाक्य

आत्याने रविवारी घरच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज एव्हाना तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे पोचला असेल. 'कायदा मोडून कुणाला हक्क मिळत नसतात. बाबासाहेबांनीच सत्याग्रहाला अराजक म्हटलंय. रोझा पार्क्स पाय दुखत होते म्हणून बसमध्ये उठली नाही, लोकांनी त्याची क्रांती केली. कायदा मोडणारे शिक्षेला घाबरून पळतात.' एरवी मी दुर्लक्ष केलं असतं. पण नववीतल्या माझ्या लेकीने यातली दोन वाक्यं वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणात जशीच्या तशी उतरवली, निळ्या शाईत, खाली पट्टीने लाल रेघ मारून. ते पाहिलं आणि राहवलं नाही.

आधी बाबासाहेब, कारण खरी लबाडी तिथेच आहे. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत त्यांनी कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रह सोडून द्यायला सांगितलं, त्यांना अराजकाचं व्याकरण म्हटलं. हे खरं आहे, मान्य करते. पण तिथेच त्यांनी असंही सांगितलं, की संवैधानिक मार्ग उपलब्ध नव्हते तेव्हा दुसऱ्या मार्गांचं बरंच समर्थन करता येत होतं. आता ते मार्ग खुले झालेत, म्हणून जुने सोडा. मेसेज लिहिणाऱ्याने नेमकं हेच गाळलं. भाषण कुणीही काढून वाचावं, दोन्ही वाक्यं शेजारीशेजारी आहेत.

महाडचंही तसंच. चवदार तळं नगरपालिकेने १९२४ मध्येच ठराव करून सर्वांना खुलं केलं होतं. म्हणजे २० मार्च १९२७ ला पाणी प्यायलेल्यांनी कायदा मोडलाच नव्हता, मोडली ती रूढी. कायदा मोडला तो मांडवात जेवायला बसलेल्या माणसांवर काठ्या घेऊन धावून गेलेल्यांनी. डिसेंबरमध्ये कोर्टाचा मनाई हुकूम आला तेव्हा बाबासाहेबांनी तो पाळला आणि पुढे १९३७ पर्यंत हायकोर्टात लढून निकाल मिळवला. कोर्टावर एवढा भरवसा असलेल्या माणसाचं नाव घेऊन अर्धवट वाक्य पसरवायचं?

आणि लांब कशाला जायचं! आत्या रोज सकाळी पर्वती चढते. त्याच टेकडीवर १३ ऑक्टोबर १९२९ ला देवळात जाऊ द्या म्हणणाऱ्या सत्याग्रहींवर दगड पडले.

रोझा पार्क्सचं थोडक्यात सांगते. अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला नकार देणारी ही कृष्णवर्णीय बाई. ती तेव्हा बेचाळीस वर्षांची होती, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या तिथल्या शाखेची सचिव म्हणून काम केलेली. आपण अंगाने थकलो नव्हतो, मान तुकवून थकलो होतो, हे तिने स्वतः सांगून ठेवलंय. १ डिसेंबर १९५५ ला अटक, दहा डॉलर दंड, वर चार डॉलर खर्च, आणि मग ३८१ दिवस तिथले कृष्णवर्णीय लोक बसमध्ये चढले नाहीत. तिच्या नऊ महिने आधी क्लॉडेट कोल्व्हिन नावाची पंधरा वर्षांची मुलगीही अशीच जागेवरून न उठल्याबद्दल पकडली गेली होती. ज्या खटल्यात १९५६ मध्ये बसमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरला, त्यात ती फिर्यादी होती. माझ्या लेकीहून जेमतेम एका वर्षाने मोठी!

पळण्याबद्दल म्हणाल, तर १९२२ मध्ये अहमदाबादच्या कोर्टात गांधीजींनी न्यायाधीशांकडे स्वतःहून जास्तीत जास्त शिक्षा मागितली. सहा वर्षं झाली, आणि आणलं कुठे, तर आपल्या येरवड्याला. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्याचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ मध्ये तिथल्या बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलं, की अन्याय्य कायदा मोडायचा तर उघडपणे मोडावा, प्रेमाने मोडावा आणि शिक्षा भोगायची तयारी ठेवावी. एसटीची काच फोडून गल्लीत पसार होणाऱ्याला यात कुठेच जागा नाही, आणि त्याची बाजू मी घेतही नाहीये.

लेकीने लाल रेघेची दोन्ही वाक्यं खोडलीत. स्पर्धा शुक्रवारी आहे, तिथे ती कोल्व्हिनवर बोलणार आहे. आत्या, तू तो मेसेज आणखी ज्या तीन ग्रुपवर टाकलास, तिथे हेही टाक.