दोन मुली, वस्तीची एसटी आणि मराठी मालिका

कॉलेजात जाणाऱ्या दोन मुलींच्या प्रेमाची मालिका मराठी वाहिनीवर यावी असं मला मनापासून वाटतं, आणि ती कोकणात घडावी असंही वाटतं. पण परदेशी मालिकांनी या मुलींचं जे केलं तेच उचलून कणकवलीत आणून ठेवायचं असेल, तर न आलेली बरी.

'बफी द व्हॅम्पायर स्लेयर'मध्ये २००२ साली टारा मेली. प्रेयसी विलोशी नुकतं कुठे पुन्हा जुळलं होतं, आणि खिडकीतून आलेली भरकटलेली गोळी तिला लागली. 'द हंड्रेड'मध्ये २०१६ साली लेक्सा मेली, तीही क्लार्कसाठी झाडलेल्या गोळीने, दोघी एकत्र आल्या आल्याच. 'स्किन्स'मधल्या नेओमी आणि एमिलीची गोष्ट २०१० साली चांगली संपली होती. २०१३ साली मालिका परत आणली आणि नेओमीला कॅन्सर देऊन मारलं. आपल्याकडे तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' या नाटकातली, मुलीवर प्रेम करणारी मित्राही शेवटी जीव देते. ते नाटक त्या काळात लिहिलं गेलं याबद्दल मला आदरच आहे. पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीने टीव्हीवर स्वतःसारखी मुलगी पाहावी आणि दरवेळी ती मरावी, हे किती वर्षं चालायचं? 'हार्टस्टॉपर' या ब्रिटिश मालिकेत टारा आणि डार्सी आपल्याला भेटतात तेव्हाच त्यांचं जुळलेलं असतं. मला ही सुरुवात फार शहाणपणाची वाटते. 'कळलं, धक्का बसला' यात भाग घालवावे लागत नाहीत, थेट त्यांच्या रोजच्या जगण्यात शिरता येतं.

कोकणातलं रोजचं जगणं मात्र नीट बघायला हवं. इथे दोन मुलींची जवळीक कुणाच्या डोळ्यांवर येतच नाही. गणपतीत फुगड्या घालताना हात धरले, एका गोधडीत झोपल्या, एकीची ओढणी दुसरीने घेतली, तरी कुणी मान वर करून बघत नाही. मुलगा आणि मुलगी स्टँडवर दहा मिनिटं बोलली तर संध्याकाळपर्यंत घरी पोचतं. या दोघींना अकरावी-बारावीची दोन वर्षं आयती मिळतात. म्हणून पहिल्याच आठवड्यात घरी कळल्याचा स्फोट करणं इथे खोटं ठरेल. इथलं संकट तारीख घेऊन येतं, आणि ती तारीख म्हणजे बारावीचा निकाल.

निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो. २०२४ साली ९७.५१ टक्के लागला. म्हणजे दोघी पास होणार हे धरूनच चालायचं. पेढे वाटले जातात, आणि त्याच आठवड्यात ठरतं की एक मुंबईला मामाकडे राहून नर्सिंग करणार आणि दुसरीसाठी स्थळं बघायची. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास फुकट असतो, तो तिथे संपतो. पुढे २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पण अर्ध्या तिकिटालाही घरी कारण सांगावं लागतं. सकाळची वस्तीची गाडी, खिडकीशेजारची ओढणी टाकून धरलेली सीट, पाऊण तासाचा प्रवास, हे सगळं एका दिवसात बंद. या मालिकेला निराळा खलनायक लागतच नाही.

मोबाइलचंही तसंच. मालिकेत मेसेज सापडतो आणि आई किंचाळते. खरं तर घरात बऱ्याचदा एकच फोन असतो, रेंज सड्यावर, म्हणजे वरच्या कातळमाळावर गेल्यावरच येते, आणि नंबर 'क्लासच्या मॅडम' म्हणून सेव्ह केलेला असतो. मुलगी सड्यावर कशाला जाते हे विचारणारी आजी मला आरडाओरडा करणाऱ्या आईपेक्षा जास्त खरी वाटते.

प्रेम कसं दाखवायचं? पात्रं सतरा वर्षांची आहेत, शारीरिक दृश्य नकोच. कायद्यानेही नको आणि गोष्टीलाही त्याची गरज नाही. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चात असते, ओल्या काजूंचा हंगामही तोच. ओला काजू कापला की सालीतला चीक बोटांना लागतो, कातडी काळी पडते आणि मग सोलून निघते. म्हणून आधी खोबरेल लावतात. पडवीत दोघी बसल्यात, मध्ये काजूंची पाटी, कडेला अर्थशास्त्राचं पुस्तक उलटं घातलेलं. "तेल लाव गो आदी, नायतर बोटां सोलतली." आणि ती स्वतःच दुसरीच्या एकेका बोटाला तेल लावते, नखाच्या कडेपर्यंत. कॅमेरा हातांवर ठेवा, संगीत बंद. आतून आई विचारते, "झाले काय गो काजू?" एवढं पुरे. आणि हे मालवणीतच हवं. आपल्या मालिकांत मालवणी हसवायला किंवा भांडायला येते आणि प्रेमाची वेळ आली की पात्रं पुण्याची होतात.

आता हे बिघडतं कुठे? बावीस मिनिटांचा भाग आठवड्याला सहा वेळा, म्हणजे १३२ मिनिटं. 'हार्टस्टॉपर'चा अख्खा सीझन आठ भागांचा, तेवढा वेळ आपण दोन आठवड्यांत संपवतो. मग कथाविस्तार करणाऱ्यांना माल लागतो, आणि तिसऱ्या आठवड्यात गोष्ट मुलींच्या हातून आईकडे जाते, कारण संध्याकाळचा प्रेक्षक आईच्या वयाचा मानतात. एकदा आईचे अश्रू हा मुख्य धागा झाला की मुली म्हणजे तिच्यावर आलेलं संकट. म्हणून मालिका साठ-पासष्ट भागांचीच ठेवा, शेवटचे दहा भाग शूटिंगआधी लिहून घ्या, आणि मुलींपैकी एकही नाही असा सीन भागात एकापेक्षा जास्त नको.

दुसरा धोका भुताचा. 'रात्रीस खेळ चाले'नंतर कोकण म्हटलं की वाहिन्यांना भूतच आठवतं. मुलीला 'लागिर झालंय' असा ट्रॅक कुणीतरी सुचवणारच. तो आलाच तर देवाला गाऱ्हाणं घालून ती सुधारते असं चुकूनही दाखवू नका. डॉक्टरकडे नेऊन 'बरी' करण्याचंही तेच. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली अशा उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय. मालिकेतला डॉक्टर उपचार करायला तयार झाला, तर चूक त्याची आहे हे त्याच भागात कळलं पाहिजे.

राहिला शेवट. मराठी मालिका लग्नाच्या महासप्ताहावर उभी असते आणि इथे ती खुंटीच नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सज्ञानांमधल्या समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का काढला, पण १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात लग्नाला मान्यता दिली नाही. लेखकांनी यावर रडत बसू नये. २०२४ साली केंद्राने स्पष्ट केलं की अशा जोडीदारांना संयुक्त बँक खातं उघडता येतं आणि रेशनकार्डासाठी त्यांना एकाच घरातलं धरावं. मला शेवटच्या भागात हेच हवंय. मध्ये चार वर्षं गेलीत, दोघी सज्ञान आहेत, एकीच्या अंगावर नर्सचा गणवेश. तालुक्याच्या बँकेत रांग, पंखा गरगरतोय, यंत्रातून पासबुक करकरत बाहेर येतं. पहिल्या पानावर एकाखाली एक दोन नावं. एकीचं आडनाव चुकलेलं. ती ते दुरुस्त करून मागते, आणि मागची मावशी म्हणते, "वायच लवकर करा गो, माझी गाडी जातली."