लघुपट, कलम ३७७ आणि फिरत आलेला मेसेज

जळगाव-भुसावळच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘समलैंगिकांवरचे लघुपट महोत्सवात दाखवणं म्हणजे कलम ३७७ खाली गुन्हा, बघायला गेलेल्यांनाही पोलीस उचलतील.’ आमच्या मामांनी तो मला तीनदा पाठवला, म्हणून हा खुलासा.

हे खोटं आहे. ३७७ हे जुन्या भारतीय दंड संहितेतलं, शरीरसंबंधांविषयीचं कलम होतं. पडद्यावर काय दाखवायचं, याच्याशी त्याचा कधीच संबंध नव्हता. शिवाय ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलैंगिक संबंध त्यातून वगळले. त्या संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर हे कलमच उरलेलं नाही. (मेसेज लिहिणारा बहुधा जुन्याच पुस्तकावर अडकलाय.)

सेन्सॉर प्रमाणपत्राचं म्हणाल, तर महोत्सवांपुरती त्यातून सूट मिळू शकते. आयोजक त्यासाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे अर्ज करतात. मुंबईत ‘कशिश’ हा याच विषयाला वाहिलेला महोत्सव २०१० मध्ये सुरू झाला, तोही चोरून नव्हे.

एवढं मात्र खरं, की समलैंगिक विवाहाला कायद्याची मान्यता नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने ती द्यायला नकार दिला. पण लग्न वेगळं, लघुपट वेगळा. मामांना तसं कळवलंय.