टिटवी

पावसाळा सरता सरता माझी गाडी ओरडायला लागली. ब्रेकवर पाय ठेवला की 'कींऽऽ'. पहिले आठ दिवस मी सगळं खाऱ्या वाऱ्यावर ढकललं. भाट्यात समुद्र हाकेच्या अंतरावर. रात्रभर गाडी उभी राहिली की चाकाबरोबर फिरणाऱ्या बिडाच्या डिस्कवर तांबूस गंज धरतो; सकाळी दोन-चार ब्रेक मारले की डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारे पॅडच तो खरवडून काढतात आणि आवाज बंद. हे मी भेटेल त्याला सांगत सुटलो. पूल ओलांडून रत्नागिरी आली तरी माझा आवाज बंद होत नाही, एवढंच सांगत नव्हतो.

"टिटवी पाळल्येस की काय रे?" शेजारच्या आप्पांनी विचारलं. मेव्हण्याच्या मते डिस्क आणि मागच्या पत्र्यामध्ये जांभ्याचा खडा अडकला होता. तो शोधण्यात दोन रविवार गेले. शेवटी आप्पा म्हणाले, "थोडं खोबरेल सोड." आमच्याकडे खोबरेल डोक्यापासून दाराच्या बिजागरीपर्यंत सगळ्याला चालतं. मी बाटली घेऊन निघालोही होतो. बायको म्हणाली, "मग गाडी थांबणार कशाने?"

बाटली जागेवर गेली. मी टॉर्च घेऊन चाकाच्या फटीतून पाहिलं. पॅड चांगला जाडजूड होता. तसं घरात जाहीरही केलं.

"काका, तुम्ही बाहेरचा बघितलात," गॅरेजमधला पोरगा पॅड दाबणारा कॅलिपर उचलत म्हणाला. "आतला कोण बघणार?"

त्याने दोन्ही पॅड कागदावर शेजारी शेजारी ठेवले. बाहेरचा गुबगुबीत, आतला पार पापड. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्यातली एक गंजून जाम झाली होती, त्यामुळे सगळा भार आतला एकटाच सोसत होता. त्याच्या कडेला पत्र्याची एक बारकी जीभ होती. पॅडचा झिजणारा थर, म्हणजे लायनर, दोन-तीन मिलिमीटर उरलं की ती डिस्कला घासते आणि ओरडते. त्यासाठीच ठेवलेली असते. म्हणजे गाडी महिनाभर मला हाका मारत होती आणि मी लोकांना हवामान समजावत होतो.

पुढच्या दोन्ही चाकांना नवे पॅड बसले. पिना घासूनपुसून त्यांना उष्णता सोसणारं ग्रीस लागलं, थोडं पॅडच्या पाठीलाही.

"म्हणजे आप्पा अगदीच चुकले नव्हते," मी म्हणालो.

"पाठीला, काका. तोंडाला लावलंत तर थेट समुद्रात."

संध्याकाळी गाडी अगदी गुपचूप घरी आली. एरवी वळणावर टिटवी ओरडली की बायको चहाचं आधण ठेवायची आणि फाटकात पसरलेला कुत्रा उठून बाजूला व्हायचा. आज कुत्रा ढिम्म हलेना. मी हॉर्न दाबला.

हॉर्न कुठला वाजतोय! त्यालाही खारं वारं लागलेलं.