खाटेशेजारची सोनोग्राफी नाकारायला सांगणाऱ्या संदेशाविषयी

गेल्या आठवड्यात माझ्या थोरल्या बहिणीने एक संदेश मला पुढे पाठवला आणि खाली विचारले, "उद्या घरात कोणाला अपघात झाला, तर असेच सांगायचे ना रे?" संदेशाचा आशय असा : आपत्कालीन विभागात डॉक्टर खाटेशेजारी छोटे यंत्र आणून जी सोनोग्राफी करतात, ती केवळ बिल फुगवण्यासाठी असते, ती रेडिओलॉजिस्ट करत नसल्यामुळे तिला अर्थ नसतो, तिच्यातून किरणोत्सर्ग होतो, आणि शेवटी सीटी स्कॅन करावाच लागतो, तेव्हा नातेवाइकांनी ही तपासणी ठामपणे नाकारून थेट सीटीची मागणी करावी. आपत्कालीन विभागात काम करणाऱ्या माझ्यासारख्याच्या घरीही हे खरे वाटू लागले असेल, तर गप्प बसणे शक्य नाही.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण त्याने माणूस दगावू शकतो. पोटाला जबर मार लागलेल्या आणि रक्तदाब घसरत चाललेल्या रुग्णाला सीटीच्या खोलीत नेणे म्हणजे, ज्या वेळी त्याच्याभोवती सर्वांत जास्त हात हवेत, नेमक्या त्याच वेळी त्याला यंत्रात एकटे ठेवून सगळ्यांनी काचेपलीकडे उभे राहणे. खाटेशेजारच्या तपासणीत मात्र एकीकडे सलाइन आणि रक्त चालूच असते. उजव्या बाजूच्या खालच्या बरगड्यांवर जेल लावून प्रोब, म्हणजे यंत्राचा हातात धरायचा भाग, टेकवला, की पडद्यावर यकृत आणि मूत्रपिंड एकमेकांना चिकटून दिसायला हवेत. त्यांच्यामध्ये काळी पट्टी दिसली आणि रक्तदाब घसरत असला, तर पोटात रक्त साचते आहे असे धरून रुग्ण शस्त्रक्रियागृहाकडे निघतो. डावीकडे प्लीहेजवळ, ओटीपोटात आणि हृदयाभोवती हेच पाहिले जाते. या सगळ्याला काही मिनिटे लागतात. अशा रुग्णाच्या नातेवाइकांना "नकार द्या" असे शिकवणाऱ्याने आपण काय लिहितो आहोत याचा क्षणभरही विचार केलेला नाही.

पडदा स्वच्छ दिसला म्हणून इजा नाही असे ठरत नाही, हे खरे आहे. पोटाच्या मागच्या भागातला रक्तस्राव किंवा रक्त बाहेर न आलेली यकृताची जखम यात निसटू शकते, म्हणून स्थिर रुग्णाचा सीटी पुष्कळदा करावा लागतो. पण "करावाच लागतो" हे खोटे आहे. मूतखड्याचा संशय असलेल्या २,७५९ रुग्णांचा १५ आपत्कालीन विभागांत झालेला अभ्यास २०१४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांची पहिली सोनोग्राफी आपत्कालीन डॉक्टरांनीच केली, त्यांच्यापैकी सुमारे ४० टक्क्यांनाच पुढे सीटी लागला, आणि गंभीर आजार निसटून गुंतागुंत होण्याचे प्रमाण थेट सीटी केलेल्यांपेक्षा वेगळे आढळले नाही. रेडिओलॉजिस्टविषयीच्या आक्षेपालाही हेच उत्तर पुरेसे आहे. त्यांची सविस्तर तपासणी वेगळी, आणि "पोटात रक्त आहे की नाही" एवढ्याच प्रश्नाचे खाटेशेजारी मिळणारे उत्तर वेगळे. अर्थात, प्रोब धरणारा हात शिकलेला असायलाच हवा. न शिकलेल्या हातातल्या यंत्राचे समर्थन मी करणार नाही.

किरणोत्सर्गाचा मुद्दा एका वाक्यात संपतो : सोनोग्राफी ध्वनिलहरींवर चालते, क्ष-किरण वापरतो तो सीटी, म्हणजे संदेश जी तपासणी मागायला सांगतो तीच.

राहिला खर्च. 'ॲनल्स ऑफ इमर्जन्सी मेडिसिन'मध्ये २००६ साली आलेल्या चाचणीत २६२ अपघातग्रस्तांची यादृच्छिक पद्धतीने विभागणी केली होती. ज्यांची खाटेशेजारी सोनोग्राफी झाली, त्यांना ती न झालेल्यांपेक्षा शस्त्रक्रियेपर्यंत पोचायला ६४ टक्के कमी वेळ लागला, रुग्णालयातले दिवस २७ टक्क्यांनी घटले आणि बिल ३५ टक्क्यांनी कमी आले. बचत होते ती टळलेल्या सीटीमुळे आणि वेळेवर झालेल्या शस्त्रक्रियेमुळे. यंत्र स्वस्त आहे की महाग, हा त्यातला दुय्यम प्रश्न आहे. मात्र २०१७ मध्ये पोटाला किंवा छातीला मार लागलेल्या, पण रक्तदाब स्थिर असलेल्या ९२५ मुलांवरील चाचणीत ना सीटी कमी झाले, ना बिल, हेही मला मान्य करावे लागते. प्रकृती स्थिर असताना केवळ सवयीने प्रोब फिरवल्यास पैसे वाचत नाहीत.

ताईला मी लिहिले आहे की नकार देऊ नकोस. "काय शोधता आहात, आणि ते दिसले तर पुढे काय बदलेल?" असे डॉक्टरांना विचार, काम जाणणारा डॉक्टर प्रोब न उचलता एका वाक्यात सांगेल. आणि खाटेशेजारच्या झटपट तपासणीला सविस्तर सोनोग्राफीचे पैसे लावलेले दिसले, तर बिलाच्या खिडकीवर जाऊन त्याचा हिशेब जरूर माग.