शुक्रवारचा माणूस

सतीश शहा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, कट्टा लवकर भरला. कट्टा म्हणजे डोंबिवलीच्या फडके रोडच्या मागच्या गल्लीतली बंद पिठाच्या गिरणीची पायरी. दिवाळी होऊन तीन दिवस झाले होते, त्यामुळे वसंताच्या पिशवीत उरलेला चिवडा होता आणि शैलाच्या डब्यात मऊ पडलेल्या चकल्या. विन्या मुलाकडे न्यू जर्सीला सहा महिने राहून दसऱ्याला परतला होता. मनगटावरचं घड्याळ दर पाच मिनिटांनी त्याला उठून चालायला सांगत होतं आणि तो खरंच उठून गिरणीच्या शटरपर्यंत जाऊन येत होता.

विषय शैलानंच काढला. "सकाळपासून सगळ्या ग्रुपांवर इंद्रवदन आणि डिमेलो. एक तर साराभाईतला, नाहीतर 'जाने भी दो यारो'मधलं प्रेत. शुक्रवारचा माणूस एकालाही आठवला नाही."

"कुठला शुक्रवारचा?" वसंता म्हणाला.

"दूरदर्शनवरच्या 'ये जो है जिंदगी' मालिकेतला. रात्री नऊला यायचा. एका आठवड्याला बँकवाला, पुढच्या आठवड्याला आणखी कोणी. 55 भागांत 55 वेगळी माणसं केली त्यानं. म्हणून तर कोणाच्या लक्षात नाही. इंद्रवदनला नाव आहे, याला दर आठवड्याला नवं."

हे इतकं खरं होतं की क्षणभर कोणी बोललं नाही. शफी इनामदार आणि स्वरूप संपत आठवतात, कारण रणजीत आणि रेणू दर शुक्रवारी तेच होते. राकेश बेदीचा राजाही आठवतो, बहिणीच्या घरी ठाण मांडून बसलेला. सतीश शहा मात्र दर वेळी नवी चाल, नवा आवाज, नवी मिशी घेऊन यायचा आणि निघून जायचा. विनोदी नटाला एक लकब सापडली की तो ती जन्मभर जपतो. या माणसानं दर आठवड्याला ती टाकून दिली.

विन्या शटरपासून परत आला. "कोणी म्हणेल ही मालिका शॉर्ट-लिव्हड् होती, पण तसं काही नव्हतं हं. साठेक भाग झाले. अमेरिकेत एबीसीनं 1982 मध्ये 'पोलिस स्क्वॉड' सहा भागांत बंद केली होती. याला म्हणतात अल्पायुषी. लेस्ली नील्सन. त्यातूनच पुढे 'नेकेड गन' निघाला."

"का बंद केली?" सुऱ्यानं विचारलं.

"प्रेक्षकाला ती नीट लक्ष देऊन बघावी लागते, असं चॅनलवाल्यांचं म्हणणं होतं."

"मग आपल्याकडे आणायची ना," शैला म्हणाली. "आपण इतकं लक्ष देऊन बघायचो की मधे कोणी शिंकलं तरी त्याला जिन्यात पाठवायचे."

विन्याला तेच हवं होतं. "माझाही मुद्दा हाच आहे. एकच चॅनल. पर्याय नव्हता म्हणून आवडलं. परवा मी यूट्यूबवर एक भाग लावला, दीडपट वेगानं. तरी स्लो वाटला. एक खोली, एक सोफा, चार माणसं. फ्रेंड्समध्ये बघ, दर वीस सेकंदाला पंच असतो."

"पर्याय नसताना 'आमची माती, आमची माणसं' पण लागायचं," शैला म्हणाली. "त्याच्यासाठी तू अँटेना फिरवायला गच्चीवर गेलास कधी?"

विन्या गप्प. कारण शुक्रवारी गच्चीवर जायचा तोच. वरून ओरडायचा, "आलं का?" आम्ही दारातून जिन्यावर ओरडायचो, "आलं!" जिन्यातला पोरगा गच्चीकडे तोंड करून ओरडेपर्यंत विन्याचा हात हलायचा आणि चित्र जायचं. "गेलं!" वरळीच्या मनोऱ्याकडे अँटेनाचं तोंड किती बोटं वळवायचं हे आख्ख्या चाळीत त्यालाच माहीत होतं.

वसंताला मात्र वेगळंच लागलं. "आमची मातीला काही बोलायचं नाही. आमच्या घरी सगळे बघायचे." वसंता मूळचा चाकणकडचा. शेतीचा विषय निघाला की तो ताठ बसतो. "आणि ही मालिका तरी कोणी लिहिली? शरद जोशींनीच ना? आमच्याच माणसानं."

"कोण तुमचा माणूस?"

"शेतकरी संघटनेचे. मी पाहिलंय त्यांना चाकणला, कांद्याच्या आंदोलनात."

सुऱ्या चिवडा खाता खाता ठसकला. शैलानं त्याच्या पाठीवर थोपटलं आणि शांतपणे सांगितलं, "वसंता, ते शरद जोशी वेगळे. हे मध्य प्रदेशातले, हिंदीतले मोठे व्यंगकार. नवभारत टाइम्समध्ये 'प्रतिदिन' लिहायचे. 'छोटी सी बात'चे संवाद त्यांचे."

"एकाच नावाचे दोन असू शकतात," वसंता म्हणाला, "पण तू खात्रीनं कसं सांगतेस की त्यांनीच नाही लिहिलं?"

"कारण ते तेव्हा रस्त्यावर बसले होते!"

यावर वसंतानं चिवड्याची पिशवी स्वतःकडे ओढून घेतली.

शैलाचा खरा मुद्दा पुढे आला आणि माझं मत तिच्याच बाजूचं आहे. त्याच वर्षी, जुलै 1984 मध्ये, 'हमलोग' सुरू झालं होतं. चांगलं होतं, दीडशेवर भाग चाललं, लोक रडले. पण ते मुळात कुटुंबनियोजनाचा निरोप पोचवायला निघालेलं होतं आणि प्रत्येक भाग संपला की दादामुनी, म्हणजे अशोककुमार, येऊन समजावून सांगायचे. शैला म्हणाली, "दूरदर्शन म्हणजे तेव्हा शाळाच होती. शेतकऱ्यानं काय पेरावं, कामगारानं काय करावं, बाईनं किती मुलं होऊ द्यावीत. शुक्रवारी नऊला पहिल्यांदा कोणी काही शिकवलं नाही. नवराबायको फालतू कारणावरून भांडायचे, एकमेकांना फसवायचे, फजिती व्हायची, संपलं. रेणूला कोणी सुधारलं नाही. ती शेवटपर्यंत हट्टी राहिली."

"तू पण," सुऱ्या म्हणाला.

"हो. आणि तू शेवटपर्यंत बहिणीच्या घरी. राजा कुठला."

सुऱ्या नोकरी सुटली तेव्हा दीड वर्ष बहिणीकडे ठाण्याला राहिला होता. तोच सगळ्यात मोठ्यानं हसला.

मालिका निर्दोष होती असं शैलाचं म्हणणं नाही. तिची आई सचिवालयात नोकरीला होती, सकाळची लोकल पकडायची आणि शुक्रवारी घरी येऊन पोळ्या उरकून नऊला आमच्यात येऊन बसायची. तिनं एकदा भर खोलीत विचारलं होतं, "ही बाई दिवसभर घरात करते काय गं? हिला भांडायला एवढा वेळ कुठून मिळतो?" शैला म्हणाली की या प्रश्नाचं उत्तर मालिकेनं कधी दिलं नाही आणि ते तिला आजही खटकतं. मलाही पटलं. डोंबिवलीच्या निम्म्या बायका तेव्हा गाडीला लटकून मुंबईला जात होत्या.

विन्याला फट दिसली. "बघ! म्हणजे जुनाटच होती. तुम्हाला मालिका नाही, तुमची अठरा वर्षं आवडतात."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, विन्या, ज्या वर्षी दिग्दर्शक कुंदन शहांनी 'जाने भी दो यारो' केला त्याच्या पुढच्याच वर्षी ते या सोफ्यावर आले. आदल्या वर्षी 'अर्धसत्य'मध्ये शफी इनामदार इन्स्पेक्टर हैदर अली होता, अंगावर येणारा. तोच माणूस इथे बायकोपासून काहीतरी लपवताना नुसता घसा खाकरायचा आणि खोली हसायची. सतीश शहा, राकेश बेदी, कुंदन शहा, तिघेही पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे. तयारीची माणसं होती. एका सोफ्यावर अर्धा तास माणसाला धरून ठेवायचं तर पंच नाही, नट लागतो आणि लिहिणारा लागतो. दीडपट वेगानं लावलंस तर शफीचं ते थांबणंच तू कापून टाकलंस. मग उरलं काय?

विन्यानं घड्याळाकडे पाहिलं, पण उठला नाही.

शफी इनामदारवरून सगळे थोडे हळवे झाले. 13 मार्च 1996, ईडनवर श्रीलंकेशी सेमीफायनल, कांबळी रडत परतला ती रात्र. त्याच दिवशी शफी गेला. कुंदन शहा 2017 मध्ये गेले. आता सतीश शहा. सुऱ्या म्हणाला, "त्या सोफ्यावरचं कोण राहिलं?" शैला म्हणाली, स्वरूप आहे, राकेश बेदी आहे, टिकू आहे. टिकू तलसानियाचं नाव निघताच चौघं एकदम ओरडले, "ये क्या हो रहा है!" सुऱ्याचे वडील ड्युटीवरून येऊन आम्हा पोरांवरून पाय टाकत आत जायचे तेव्हा हेच म्हणायचे. हिंदीतून. एरवी ते जन्मात हिंदी बोलले नाहीत.

टीव्ही सुऱ्याकडेच होता. लाकडी शटरचा, वर आईनं विणलेलं जाळीचं कापड. "रंगीत होता आमचा," सुऱ्या म्हणाला.

"रंगीत!" शैला उसळली. "पुढे काच लावली होती रे. वर निळी, मधे गुलाबी, खाली हिरवी. शफी सोफ्यावर बसला की गुडघ्याखाली हिरवा. उभा राहिला की डोकं निळं. मला दोन वर्षं वाटत होतं त्याला काहीतरी झालंय."

"आणि त्याचे तुझी आई चार आणे घ्यायची," विन्या म्हणाला. चाळीस वर्षं पोटात ठेवलेलं बाहेर आलं. "माझ्याकडूनसुद्धा. मी गच्चीवर उभा राहून तुमच्या टीव्हीचा अँटेना धरायचो आणि अर्धा भाग मला दिसायचाच नाही, तरी चार आणे."

"ते लाइट बिलाला होते."

"लाइट बिल काय माझ्या एकट्यावर चालायचं?"

"तू अर्धा भागच बघायचास तर दोन आणे परत मागायचे होतेस."

शैलानं तिथल्या तिथे हिशोब केला. साठ शुक्रवार, पंचवीस पैसे, म्हणजे माणशी 15 रुपये. "सुऱ्या, पंधरा रुपयाला आज काय येतं?"

"कटिंग."

"मग सांग चार. व्याज विन्याला सोडून दे, तो अँटेना होता."

सुऱ्या कुरकुरत उठला आणि कोपऱ्यावरच्या टपरीकडे गेला. विन्याचं घड्याळ वाजलं, तेव्हा तो म्हणाला, "मीही चालून येतो," आणि त्याच्यामागे गेला. पुढे काही पावलांवर दोघांचं पुन्हा सुरू झालेलं ऐकू आलं, काच कुठल्या रंगाची यावरून.

वसंता इतका वेळ गप्प होता. त्यानं चिवड्याची पिशवी मधे ठेवली आणि शैलाकडे वळून अगदी गंभीरपणे म्हणाला, "पण कांद्यावर एखादा तरी भाग असेल ना गं?"

शैला इतकी हसली की डबा पायरीवरून गडगडत खाली गेला, चकल्या गल्लीभर.