पृथ्वी फिरते म्हणून विमान लवकर पोहोचत नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज पुन्हा फिरू लागलाय. मजकूर थोडक्यात असा: पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, त्यामुळे पश्चिमेला निघालेल्या विमानाकडे शहर आपणहून चालत येतं. पुरावा? लंडनहून सकाळी 11 ला सुटलेलं विमान न्यू यॉर्कला दुपारी 2 ला उतरतं. वर टोमणा असा, की कंपन्या नकाशावरची सरळ रेषा सोडून मुद्दाम लांबून नेतात.

पुराव्याचं आधी बघू. 11 लंडनचे, 2 न्यू यॉर्कचे. दोन्हीकडच्या घड्याळांत बहुतेक वर्षभर 5 तासांचं अंतर, म्हणजे प्रवास झाला 8 तासांचा. परतताना लागतात साधारण 7. दावा इथेच उलटा पडतो.

पृथ्वी फिरते हे खरंच आहे. लंडनच्या अक्षांशावर जमीन ताशी हजारेक किलोमीटर वेगाने पूर्वेला सरकते. पण धावपट्टीवर उभं असलेलं विमानही त्याच वेगाने सरकत असतं, आणि भोवतालची हवाही. हेलिकॉप्टर लंडनवर तासभर एका जागी तरंगत ठेवा, खाली लंडनच दिसेल. मेसेज खरा असता तर एव्हाना खाली अटलांटिक दिसायला हवा होता!

मग तासाभराचा फरक येतो कुठून? वाऱ्यामुळे. साधारण 9 ते 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम वाहतो, हिवाळ्यात जास्तच जोरात. हिशोब करून बघा: अंतर सुमारे 5,550 किमी, विमानाचा हवेतला वेग ताशी 900. पाठीशी 150 चा वारा असेल तर 5 तास 20 मिनिटांच्या आसपास; तोच वारा तोंडावर आला तर जवळपास साडेसात. म्हणून पूर्वेला जाणारी विमानं हा प्रवाह गाठतात आणि पश्चिमेला जाणारी तो टाळतात. फेब्रुवारी 2020 मध्ये सियारा वादळाच्या वाऱ्यावर स्वार झालेलं एक 747 न्यू यॉर्कहून लंडनला 5 तासांच्या आत पोहोचलं होतं. जमिनीच्या हिशोबाने वेग ताशी 1,300 किमीच्या वर गेला, तरी ध्वनीचा वेग काही ओलांडला नाही, कारण हवाच सोबत पळत होती.

आता ‘वाकडा’ मार्ग. न्यू यॉर्क आणि बीजिंग जवळजवळ एकाच अक्षवृत्तावर आहेत. नकाशावर आडवी रेघ मारून गेलात तर 14,000 किमीच्या वर भरतात. पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा: तो उत्तर ध्रुवाजवळून जातो आणि अंतर भरतं सुमारे 11,000. सपाट कागदावर हाच दोरा वाकडा दिसतो, त्यात कंपनीची लबाडी काही नाही.

विमानं कधी खरोखरच लांबून जातात, पण ती कारणं मेसेजमध्ये नाहीतच. 2022 मध्ये रशियाचं आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झालं आणि साडेनऊ तासांच्या आसपास असलेला हेलसिंकी–टोकियो प्रवास 13 तासांवर गेला.